अकोला ते नांदेड, पाऊण तास

प्रति,
विमानमार्ग व विमानतळांचे नियोजन करणारे अधिकारी,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली;
भारतीय विमानतळ प्राधिकरण;
महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, मुंबई

महोदय, महोदया,



अकोल्याच्या शिवणी विमानतळापासून नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. विमानाला लागणारा वेळ पाऊण तास. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, अक्षांश-रेखांश घेऊन ताळाही करून पाहिला. अडचण एवढीच की या दोन गावांच्या मध्ये विमान नाही. शिवणीहून तर मुंबई-पुण्यालाही नियमित प्रवासी विमान जात नाही. नकाशावर पट्टी ठेवून ही रेषा ओढली की ती वाशिम शहराच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, आणि त्या शहरात मी राहतो.

तुमच्याकडे पत्र लिहिणारा माणूस विमानतळ मागतो, अशी तुम्हाला सवय असेल. म्हणून आधीच सांगतो, मला वाशिमला विमानतळ नको आहे. कुणी देऊ केले तरी घेऊ नये या मताचा मी आहे. माझी तक्रार मोजमापाची आहे. तुम्ही विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजता. आम्ही घरापासून मुक्कामापर्यंत जातो. या दोन हिशोबांत जो फरक पडतो तो कुणाच्याच कागदावर येत नाही, आणि तो आमच्या खिशातून, रजेतून, कधी कधी रोग्याच्या प्रकृतीतून वसूल होतो.

आधी तो पाऊण तास कुठून आला ते पाहू. पृथ्वी गोल धरून दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर काढायचे, त्याला जेट विमानाच्या वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. १७० किलोमीटरला ताशी ८०० च्या वेगाने तेरा मिनिटे, अधिक तीस. झाला पाऊण तास. यात विमान कोणते, धावपट्टी केवढी, वारा कुठला, नियंत्रण कक्ष कुठल्या वाटेने जा म्हणतो, यांतले काहीही नाही. शिवाय इथे जेट यायचेच नाही. येईल तर दोन पंख्यांचे एटीआर येईल, ज्याचा वेग ताशी पाचशेच्या घरात असतो. प्रत्यक्षातला हिशोब अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर बघावा. मुंबई ते अमरावती सरळ रेषेत साधारण ५४० किलोमीटर. एटीआरच्या वेगाने तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागायला हवा. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तास दिले गेले, आणि ते योग्यच होते. चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईच्या धावपट्टीसाठी रांगेत उभे राहणे, चढण, वळसे, उतरण, सगळे त्यात येते. म्हणजे खरा वेळ कसा मोजायचा हे विमान कंपन्यांना उत्तम कळते. मग हाच प्रामाणिकपणा विमानतळाच्या फाटकाबाहेर का थांबतो, हा माझा प्रश्न आहे.

वाशिमकरांना रेषांचे अप्रूप नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. हे गाव म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ या ११८३ सालच्या ग्रंथात भूमीच्या मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादी दिली आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या त्या रेषेवर उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेही नाव आहे. गावात मध्यमेश्वराचे देऊळ आहे, आणि मध्यरेषा तिथून जाते असे आमचे वडीलधारे सांगत आले. आजच्या मापाने पाहिले तर उज्जैन वाशिमच्या रेखांशापासून जवळजवळ १४० किलोमीटर पश्चिमेला सरकलेले आहे. ती रेषा काही सरळ नव्हती. पण त्या ज्योतिषांनी एक गोष्ट केली होती. रेषेवर नसलेल्या गावांसाठी देशांतर-संस्कार सांगितला होता. तुझे गाव रेषेपासून इतके दूर असेल तर गणितात इतकी दुरुस्ती कर, असे. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी रेषेबाहेरच्या माणसासाठी दुरुस्तीची सोय होती. तुमच्या नियोजनात ती सोय कुठल्या रकान्यात आहे, ते मला सापडले नाही.

असो. वर्तमानात येतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत ११ लाख ९७ हजार लोक. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे थोडे जिल्हे आहेत त्यांत आमचा आहे. या यादीत असण्याचा अभिमान बाळगावा की लाज, हे इथे अजून ठरलेले नाही. विमानाच्या दृष्टीने आम्ही पाच विमानतळांच्या मधोमध आहोत. नांदेड आणि अमरावतीचे बेलोरा, दोन्ही रस्त्याने सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या दरम्यान. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर त्याहून बरेच लांब. अकोला सगळ्यांत जवळ, ऐंशी किलोमीटरवर, आणि तिथे विमान नाही. सरळ रेषेत मात्र आमचे सगळेच छान दिसते: शिवणी ६५ किलोमीटर, बेलोरा शंभर, नांदेड एकशे पाच. नकाशावर वर्तुळे काढणाऱ्याला वाटते, काय नशीबवान लोक आहेत, चहूबाजूंनी विमानतळ!

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याचे उद्घाटन झाले तेव्हा आम्हीही खूश झालो, यात खोटे काही नाही. धावपट्टी वाढवून १,८५० मीटर केली, ७२ आसनांचे एटीआर उतरले, आठवड्यातून तीन दिवस मुंबईची सोय झाली. पश्चिम विदर्भाच्या मानाने ही मोठी गोष्ट. भाषणे झाली, आणि त्यांत अमरावतीबरोबर यवतमाळ, वाशिम, अकोला यांनाही फायदा होईल असे सांगितले गेले. लाभक्षेत्र म्हणून आमचे नाव घेतले गेले आणि आमचा विषय तिथेच संपला.

आता त्या फायद्याची फोड करतो. वाशिमहून मंगरूळपीर, कारंजा करत एसटीने अमरावतीला जायला साडेतीन-चार तास लागतात. विमानतळ शहराबाहेर, बडनेऱ्याच्या बाजूला, तिथवर ऑटो. विमानाआधी तासभर तरी पोहोचायचे, आणि बस वेळेवर येईल याचा भरवसा नसल्याने आणखी एक तास हाताशी ठेवायचा. पुढे पावणेदोन तासांचे उड्डाण, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडणे, आणि मग मुंबईतला प्रवास, ज्याबद्दल मी काही बोलत नाही. विमान दुपारचे असेल तर सकाळी निघालेला माणूस रात्री जेवणाच्या वेळेला मुक्कामाला लागतो. विमान सकाळचे असेल तर वाशिमहून मध्यरात्रीनंतर निघावे लागेल, आणि त्या वेळी बस नाही. म्हणजे अमरावतीत लॉजवर एक रात्र. याउलट संध्याकाळी वाशिमहून ट्रॅव्हल्सची स्लीपर धरली की सकाळी माणूस मुंबईत असतो. मान अवघडलेली असते, पण दिवस वाचलेला असतो. मागे अमरावतीच्या गाडीत कुणीतरी म्हणालेच, "इमान पावणेदोन घंट्याचं, अन् इमानतळाले जायाले पाच घंटे!" सगळी गाडी हसली. तुमच्या खात्यावर इतकी नेमकी टीका मी कुठल्या अग्रलेखात वाचलेली नाही.

म्हणून पहिली विनंती. कुठलाही प्रादेशिक मार्ग मंजूर करताना, त्याच्या लाभक्षेत्रात ज्या जिल्ह्यांची नावे घालता, त्या प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयातून आणि किमान एका दूरच्या तालुक्यातून निघालेल्या माणसाचा एकूण वेळ त्या प्रस्तावात लिहा. सार्वजनिक वाहनाने लागणारा, कारने नव्हे. मानोऱ्याहून किती, रिसोडहून किती. रिसोडचा आकडा लिहिताना लेखनिकाला संकोच वाटला, तर त्या आकड्याचे काम झाले.

दुसरी विनंती याच्याच पोटातली आहे आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. विमानाच्या वेळेला जोडून एसटी द्या. विमानतळ विकास कंपनी राज्य सरकारची, एसटी महामंडळ राज्य सरकारचे, दोन्हींची मुख्य कार्यालये मुंबईत. एका कार्यालयाने वेळापत्रक ठरवले की दुसऱ्याला एक पत्र टाकायचे, एवढेच. विमान असेल त्या दिवशी वाशिम आगारातून एक बस, मंगरूळपीर आणि कारंजा घेत थेट बेलोऱ्याच्या फाटकापर्यंत, आणि उतरलेल्यांना घेऊन परत. विमानाला उशीर झाला तर बसने थांबायचे. यासाठी जमीन संपादन करायचे नाही, पर्यावरणाची परवानगी नाही, कोनशिला नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसेल.

रेल्वे तुमच्या अखत्यारीत नाही, हे मान्य. तरी एक नोंद करून ठेवतो. अकोला–पूर्णा हा मार्ग पूर्वी मीटर गेजचा होता. आमच्या पिढीने त्याच छोट्या गाडीने अर्धा देश पाहिला. त्याचे रुंदीकरण होऊन बरीच वर्षे झाली. आज काचीगुडा–नरखेड एक्स्प्रेस वाशिमहून अकोला करत बडनेऱ्याला जाते, आणि बडनेरा स्टेशनपासून बेलोरा विमानतळ सरळ रेषेत पाचेक किलोमीटर आहे. म्हणजे वाशिमचे स्टेशन आणि अमरावतीचे विमानतळ रुळांनी आधीच जोडलेली आहेत. गाडीची वेळ आणि विमानाची वेळ एका कागदावर शेजारी मांडून पाहण्याचे काम तेवढे कुणी केलेले नाही. मुंबईच्या जनशताब्दीचे तर बोलायलाच नको; ती जालन्याहून वाढवत हिंगोलीपर्यंत आणली आणि वाशिमच्या एक पाऊल अलीकडे थांबवली. पण ते गाऱ्हाणे दुसऱ्या मंत्रालयाचे.

समृद्धी महामार्गाचा दाखला तुम्ही द्याल. तो आमच्या जिल्ह्यातून कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो, शेलूबाजारला त्यावर चढता येते. ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला. स्वतःची चांगली मोटार असेल त्याच्यासाठी नागपूरचे विमानतळ त्याने खरोखर जवळ आणले. आमच्याकडचे डॉक्टर, व्यापारी, कंत्राटदार तसेच जातात, आणि बेलोऱ्याचे तिकीट काढण्याऐवजी नागपूरचे काढतात, कारण तिथे दिवसभरात विमाने अनेक आहेत, एक रद्द झाले तर दुसरे मिळते. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना समृद्धी शेतातून दिसते.

यावरून भरवशाचा मुद्दा निघतो. तो थोडा विस्ताराने मांडतो, कारण तुमच्या भाषणांत तो कधी येत नाही.

प्रादेशिक विमानसेवेची उडान योजना २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्याहून पहिल्या विमानाला निरोप दिला; त्याच दिवशी या योजनेतले नांदेड–हैदराबाद विमानही सुरू झाले. म्हणजे उडानच्या जन्मदिवशी आमच्या शेजारचे गाव हजर होते. वाशिमच्या माणसाला हैदराबाद परके नाही. तिकडच्या दवाखान्यांत जाणारे लोक इथे गल्लोगल्ली आहेत. तेव्हा नांदेडपर्यंत गाडीने आणि पुढे विमानाने, असा विचार लोकांनी सुरू केला होता. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये ही मर्यादा, निम्म्या जागा त्या दरात, हे ऐकून शिक्षक-कारकूनही हिशोब करू लागले होते. पुढे ती विमाने चालवणाऱ्या ट्रूजेटचा कारभारच थांबला. नांदेडला शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी, २००८ मध्ये, जी २,३०० मीटरची धावपट्टी सजवली गेली, तिच्यावर मध्यंतरी नियमित प्रवासी विमान नव्हते. ३१ मार्च २०२४ ला स्टार एअरने पुन्हा सुरुवात केली तेव्हा नांदेडच्या लोकांनी नव्याने आनंद साजरा केला. एकाच विमानतळावर पहिल्या विमानाचा आनंद किती वेळा साजरा करायचा?

हे एकट्या नांदेडचे नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ सालचा उडानवरचा अहवाल तुमच्या कपाटात असेलच. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ५४. शंभरात सात. शाळेत मी या टक्क्यांना काय केले असते ते सांगत नाही.

कारण तुम्हालाही माहीत आहे. तीन वर्षे तोट्याची भरपाई मिळते, मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या आकारातून आणि पाचवा हिस्सा राज्याकडून. तीन वर्षांनी भरपाई बंद, त्या मार्गावरचा एकट्याचा हक्कही बंद. तोवर प्रवाशांना सवय लागलेली असावी, अशी कल्पना. पण सवय लागायला विमान रोज आणि वेळेवर यावे लागते. आठवड्यात तीन दिवस येणारे, हंगामाबरोबर वेळ बदलणारे, दोन महिने बंद राहून पुन्हा उगवणारे विमान धरून कुणी मुलीच्या लग्नाची खरेदी ठरवत नाही की ऑपरेशनची तारीख घेत नाही. मग विमान रिकामे जाते, आणि रिकामे जाते म्हणून बंद होते. दोष पुन्हा आमच्याच मागासपणावर येतो: तिथे मागणीच नाही.

मागणी आहे, साहेब. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, गुरुमंदिरात दत्तभक्तांची रीघ असते. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आहे, तिथे गुजरात-राजस्थानातून जैन यात्रेकरू येतात. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून लोक येतात, आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला खुद्द पंतप्रधान येऊन गेले. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी आमची पोरे आहेत, दिवाळीत त्यांची आईबापे ट्रॅव्हल्सवाल्याला तिप्पट भाडे देतात. २०२४ पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे प्राध्यापक बाहेरगावचेच असणार. ही सगळी माणसे आज विमानाने येत नाहीत असे नाही. नागपूरला किंवा संभाजीनगरला उतरतात आणि टॅक्सी करतात. तुमच्या बेलोऱ्याच्या किंवा नांदेडच्या आकड्यांत ती दिसत नाहीत, इतकेच.

तेव्हा तिसरी विनंती: मार्ग कमी द्या, पण दिलेला टिकवा. बंद करायचा असेल तर निदान तीन महिने आधी जाहीर करा, आणि का बंद होतो ते मराठीत लिहा. विमान रद्द करायचे असेल तर दीडशे किलोमीटरवरून येणारा माणूस घरातून निघण्याआधी त्याला कळू द्या. लहान विमानतळावर उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय नसली की वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. हिवाळ्यातले धुके आणि आषाढातले ढग पाहता काही विमाने चुकणारच. त्याबद्दल राग नाही. राग येतो तो बडनेऱ्याच्या रस्त्यावर असताना मोबाइलवर संदेश येतो तेव्हा. आणि ही उपकरणे बसवण्याचे कधी ठरते, कधी पुढे ढकलले जाते, त्याचीही एखादी तारीख जाहीर करता आली तर पाहा.

आता अकोला. हे अवघड जागेचे दुखणे आहे.

शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, युद्धकाळातली. तिची लांबी आजच्या एटीआरला भरलेल्या अवस्थेत पुरत नाही, विशेषतः आमच्या उन्हाळ्यात. अकोल्याचा मे महिना तुम्ही कागदावर वाचला असेल, ४५ अंश म्हणजे तिथे नेहमीचा दिवस. हवा तापली की विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोर घटतो, आणि तेच वजन उचलायला जास्त धावावे लागते. मग एकतर सामान उतरवा, नाहीतर माणसे. म्हणून धावपट्टी वाढवायची, आणि वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन घ्यायची, हा विषय इतकी वर्षे चघळला गेला आहे की त्यावर बातमी आली तरी लोक तारीख बघत नाहीत. हे विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले ते आंदोलन करून, त्यात तरुणांचे जीव गेले. तिथल्या प्रयोगांच्या शेतावर कापूस, तूर, ज्वारीचे वाण तयार होतात, जे आमच्या वावरात येतात. त्या जमिनीची किंमत हेक्टरी दराने निघत नाही.

मी विस्ताराच्या बाजूचा की विरोधातला, असे विचाराल. ठरलेल्या, पुरेशा विमानांची लेखी हमी असेल तर बाजूचा. फक्त धावपट्टी लांब करून त्यावर वर्षातून चार मंत्री उतरणार असतील तर कट्टर विरोधातला. बेलोरा सुरू झाल्यावर, तिथून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आत असलेल्या शिवणीलाही मुंबईचे विमान परवडेल का, याचा खरा हिशोब तुमच्याकडे असायला हवा. असेल तर जाहीर करा. परवडत नसेल तर तसे सांगा आणि विद्यापीठाला त्याच्या जमिनीत निर्धास्तपणे पेरू द्या. "होणार आहे, प्रस्ताव पाठवला आहे" हे उत्तर ऐकून अकोल्यात एक पिढी निवृत्त झाली. आमच्यासाठी तर शिवणीचा निर्णय जास्तच महत्त्वाचा. तेच आमचे सगळ्यांत जवळचे विमानतळ, दीड तासावरचे. तिथे खरोखर विमान येणार असेल तर वरची बेलोऱ्याची बस मी मागे घेतो आणि अकोल्याची मागतो.

अकोला ते नांदेड विमान हवे का? अजिबात नको. १७० किलोमीटरला विमान म्हणजे शेजारच्या घरी जायला घोडा जुंपण्यासारखे आहे. राष्ट्रीय महामार्ग १६१ अकोल्याहून मेडशी, मालेगाव, वाशिम, हिंगोली करत नांदेडला जातो, चार-साडेचार तासांत माणूस पोहोचतो. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, उड्डाण आणि पुढची ऑटो धरली तर विमानालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागेल. ही रेषा मी घेतली ती तुमची पद्धत दाखवायला. तिच्यावर अंतर आहे, वेळ आहे, गावे नाहीत. मेडशीचा घाट नाही, मालेगावचा चौक नाही, पावसाळ्यात पैनगंगा काय करते ते नाही.

वाशिमसाठी विमानतळ मागणाऱ्या मंडळींनाही, हे पत्र खुले असल्याने, दोन शब्द. निवडणुका आल्या की आपल्याकडे धावपट्टीची भाषा सुरू होते. चहूबाजूंची विमानतळे विमानांसाठी तोंड वासून बसली असताना आणखी एक धावपट्टी बांधून काय होणार? शंभर-दोनशे हेक्टर जमीन जाईल, कुंपण पडेल, एक पहारेकरी लागेल आणि आठवड्याला बकऱ्या हुसकाव्या लागतील. त्याऐवजी जिल्हा रुग्णालयाजवळ रात्रीही उतरता येईल असे पक्के, दिवे लावलेले हेलिपॅड मागा. पुढाऱ्यांसाठी शेतात चुन्याचा गोल आखून तासाभरात हेलिपॅड तयार होते हे आपण पाहिले आहे. रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्या माणसासाठी ते कायमचे असायला हरकत नसावी. ही माझी चौथी विनंती, आणि ती मंत्रालयालाही आहे, कारण हेलिकॉप्टर सेवा तुमच्याच योजनेत बसते.

शेवटी एक निमंत्रण. तुमच्यापैकी कुणी हा हिशोब प्रत्यक्ष करून पाहणार असाल तर जरूर या. बेलोऱ्याचे विमान ज्या दिवशी असेल त्या दिवशी सकाळी वाशिमच्या बसस्थानकावर भेटू, एकत्र अमरावतीची गाडी धरू, आणि तुम्ही तुमच्या वहीत वेळ लिहीत चला. कारंज्याला चहा माझ्याकडून. येताना मात्र हेलिकॉप्टरने येऊ नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
पाटणी चौक, वाशिम

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: विभाग नियंत्रक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. वर उल्लेखिलेल्या बसबाबत विमानतळाकडून पत्र येण्याची वाट न पाहता आपण आधी विचारणा केली तरी चालेल.